नापास झालेली माती

मुलाची बदली बंगळुरूला झाली. गणपती आटोपले की चार वर्षांची नातही भोपाळ सोडून जाणार, हे ठरलं. तिच्या हातचं काहीतरी घरात राहावं, एवढंच माझं म्हणणं होतं. मातीचं काहीही चालेल, पण टिकलं पाहिजे. हे मी आमच्या ह्यांच्यासमोर बोलले आणि तिथेच चुकलं. जन्मभर सरकारी इमारतींच्या विटा तपासून निवृत्त झालेला माणूस. माती म्हणायचा अवकाश.

दुसऱ्याच दिवशी हे एम. पी. नगरची स्टेशनरीची दुकानं पालथी घालून आले. शाळेत मुलं खेळतात ती रंगीत क्ले, ओव्हनमध्ये भाजायची क्ले आणि हवेवर वाळणारी पांढरी माती. मी मैदा-मीठ मळून दिलं. बाल्कनीच्या कठड्यावर सगळ्यांचे गोळे मांडून ह्यांनी प्रत्येकावर स्वतःचा अंगठा उमटवला. परीक्षा म्हणे.

मैद्याला पावसाळी हवेत बुरशी आली. ओव्हनवाली मीच बाद केली. माझ्या केकच्या ओव्हनमध्ये असले प्रयोग नकोत. हिरवी क्ले आठवडा उलटला तरी लोण्यासारखी. "ही जन्मात वाळणार नाही. नापास," हे म्हणाले. तेवढ्यात नातीनं जाऊन त्या हिरव्या गोळ्यावर, ह्यांच्या ठशाच्या बरोबर मधोमध, आपला अंगठा दाबला.

"अगं, सॅम्पल बिघडवलंस."

"आबा, ही तर अजून गीली आहे," ती म्हणाली.

पांढरी माती ओल्या फडक्याखाली सावकाश वाळवली, तर तडा गेला नाही. ती पहिल्या वर्गात पास.

मग एका रविवारी मोठ्या थाटात पांढरी माती नातीपुढे ठेवली. तिनं दिवसभर तिच्या पोळ्या लाटल्या, आबांना वाढल्या, "तूप लावू?" म्हणून विचारलं आणि संध्याकाळी सगळ्या कुस्करून टाकल्या. पलीकडे हे दरवर्षीप्रमाणे शाडूचा गणपती घडवत होते. तिथलाच गोळा उचलून तिनं उंदीर केला. शेपटी सोंडेएवढी जाड, एक कान मोठा, एक विसरलेला. माझा जीव त्या उंदरावर जडला. मी मनात त्याला शोकेसमध्ये जागाही करून टाकली.

विसर्जनाला आमच्याकडे बादली असते. उंदीर मागे ठेवू या, असं मी हळूच सुचवलं. नातीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही चोरतेच आहे.

"मग बाप्पा घरी कसे जाणार? ऑटोनं?"

उंदीर बादलीत गेला. सकाळी नेहमीप्रमाणे तो गाळ जास्वंदीच्या कुंडीत ओतला.

मुलं गेली. घर इतकं शांत झालं की मला ते सहन होईना, म्हणून मी बाल्कनी झाडायला घेतली. पास झालेल्या पांढऱ्या गोळ्यावर फक्त ह्यांचा अंगठा होता. त्याची आठवण जपायची गरज नव्हती. मूळ माल सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. हिरव्या गोळ्यावर मात्र तिचा अंगठा होता, मोठ्या ठशात छोटा. उंदराची जागा त्याला मिळाली.

एप्रिलमध्ये आमच्या बाग सेवनिया वस्तीतल्या उकाड्यात तो बसका व्हायला लागला. एका दुपारी पाहते तर फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी, बशीत हिरवा गोळा आणि त्यावर ह्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: हात लावू नये. विचारलं तर म्हणाले, "निरीक्षण चालू आहे." निरीक्षण कसलं, दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडायचं निमित्त.

मेमध्ये नात सुट्टीला आली. चप्पल काढून थेट फ्रिजकडे, आमरसासाठी. वाचता येत नसल्यामुळे चिठ्ठीचा उपयोग शून्य. आम्ही तोंड उघडायच्या आत तिनं चिठ्ठी बाजूला सारून अंगठा दाबला. जुना ठसा गेला. नवा चांगलाच मोठा होता. मला चटकन रडू आलं, ते लपवायला मी दह्याचं भांडं उगाच सरकवलं.

"आबा, अजून गीलीच आहे!" ती खूश होऊन म्हणाली.

ह्यांनी चष्मा लावला. ठसा पाहिला. मग गोळा पुन्हा दह्याशेजारी ठेवला आणि चिठ्ठी तेवढी खिशात टाकली.