सहलीत पदरात पडलेलं

शाळेत पगारवाढ वेळेवर मिळो न मिळो, सहलीला गेलं की एखादा किस्सा पदरात पडायचाच. मी पाथरीला मास्तरीण होते. शाळेतली आमी तीन घरं मिळून जीप करायचो आणि लेकरांना कुठंतरी फिरवून आणायचो. त्यात बौद्ध घर आमचं एकट्याचं. नामांतराचा वाद पेटलेली ती वर्षं. लोकं म्हणतात, जुनं विसरावं. ज्यांच्यावर बेतलं न्हाई त्यांनी खुशाल विसरावं.

*

येलदरीचं धरण बघायला निघालो होतो. बाकी दोन घरची माणसं जीपवाल्यानं दारातून घेतली आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबला. "गाडी आत वळत न्हाई," म्हणाला. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. त्यांना धरून धरून आणलं.

आमचे मालक म्हणाले, "परवा प्रचाराचा ट्रक वळला की आत."

"त्याला मतं पायजे होती," जीपवाला म्हणाला.

*

चारठाण्याची जुनी देवळं बघताना गावातले एक आजोबा सोबत आले. लय प्रेमानं सगळं दाखवलं. मग ह्यांना विचारलं, "आडनाव काय म्हनलं?"

"पाथरीकर."

"ते झालं हो. मूळचे कोण?"

"आईच्या पोटचे."

आजोबांना तेवढ्यात घरचं काम आठवलं.

*

एकदा लांबच्या शहरात म्युझियम बघायला गेलो. हात तुटलेल्या बुद्धमूर्तीपुढं सासूबाई खाली बसल्या आणि हात जोडले. शिपाई धावत आला.

"ए म्हातारे, ऊठ. हे काय देऊळ हाय का?"

सासूबाई जागच्या हलल्या न्हाईत. "देऊळ असतं तर तू मला इथवर येऊ दिलं असतं का?"

*

परतीच्या वाटेवर आमचे घाडगे सर सहज बोलल्यासारखं बोलले, "विद्यापीठाचं नाव बदलून कुनाचं पोट भरनार हाय का, बाई?"

त्या नावापायी माझ्या माहेरच्या वस्तीतली घरं जाळली होती. हे सरांना ठाऊक होतं.

"न्हाई भरत," मी म्हणाले. "मग बदलू द्या की. तुमचं कोण उपाशी मरायलंय?"



*

आणि विमलवहिनी, घाडगे सरांच्या मंडळी. बोलायला गोड. माझ्या लेकीची वेणीसुद्धा घालून द्यायच्या. पण झाडाखाली जेवायला बसलो आणि मी डबा पुढं केला की म्हणायच्या, "माझा आज उपवास हाय, बाई." दर सहलीला उपवास. मी डबा मागं घ्यायची.

एका सहलीला मी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याचा कूट, साजूक तूप, सगळं मन लावून. जेवायच्या वेळी डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला.

"घ्या वहिनी. उपवासाची हाय."

वहिनींनी खिचडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आपल्या पिशवीतून भाकरी काढली, तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "आज न्हाई धरला."