‘कामी आले’ या शब्दांविषयी

चाळीतील बंधुभगिनींनो, आज दुपारी घडलेला प्रसंग या फळ्यावर लिहीत आहे.

मी गॅलरीत बसून युद्धावरील ऐतिहासिक कादंबरी मोठ्याने वाचीत होतो. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी उच्चार शुद्ध आहेत. ‘अनेक वीर कामी आले’ हे वाक्य येताच, विळीवर बोंबील साफ करणाऱ्या शेजारच्या सोनाबाईंनी विचारले, "कुणाच्या कामी, भाऊ?"

"म्हणजे धारातीर्थी पडले," मी खुलासा केला.

"मेले ना? मग मेले म्हणा की! माझा गणू लढाईत मेला, तवा पण सगळे हेच बोलले. पोरगा कामी आला, रडायचं नाय. मी रडलेच नाय."

"छापले आहे तेच वाचले पाहिजे."

"मग वाचा, मास्तर! तुमचं काय जातंय?"

मी ते वाक्य पुन्हा वाचले. "अनेक वीर मेले." आयुष्यात प्रथमच छापील शब्द बदलला.

सोनाबाईंनी विळी आडवी केली आणि तोंडाला पदर लावून त्या मोठ्याने रडू लागल्या. मला पुढे वाचवले नाही.

पुढच्या प्रकरणात आणखी पुष्कळजण ‘कामी’ येणार आहेत. सोनाबाई ऐकायला बसणारच. मी कोणता शब्द वाचावा, हे आपण सांगावे.