बांध न घातलेलं पाणी

"आधी ह्या बाईला बाहेर काढा. आणि कुंड उपसून घ्या, पूर्ण."

आरोग्यधामाचे व्यवस्थापक आईशी नाही, माळ्याशी बोलत होते. आई कुंडाच्या काठावर बसलेली. सडत चाललेला पाय पाण्यात. माळ्यानं तिला काखेत धरून उचललं, कुंपणाबाहेर मातीत ठेवलं. मग आमच्या डोळ्यांदेखत कुंड उपसलं, फिनाईल टाकून घासलं. पांढऱ्या पंच्यातले पाहुणे नाकाला रुमाल लावून बघत होते. आई पदरानं पाय झाकत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलुंडच्या डोंगराखाली आमचा पाडा. वर हा कोमट पाण्याचा झरा. खरूज, गळू, न भरणारी जखम, सगळ्याला तेच पाणी आणि तिथलीच माती. पाड्याचा एक नेम होता. झऱ्यापाशी काही बांधायचं नाही. कट्टा नाही, देव नाही, दगडाला शेंदूरसुद्धा नाही. बांधलं की मालक येतो, असं जुनी माणसं म्हणत.

आरोग्यधामाच्या शेटना तिथे आईनंच नेलं होतं. त्यांच्या बायकोच्या सर्वांगाला खाज, डोळ्याला डोळा नाही. आजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? बाई बरी झाली. शेटनी कुंड बांधलं. मग खोल्या, मग कुंपण. मग सरकारी पाटी लागली : 'संरक्षित आरोग्यस्थान. पाणी दूषित करणे गुन्हा आहे.' कायदा झऱ्याला वाचवायला आला आणि घाण आम्ही ठरलो.

पाटी लावणाऱ्या सरकारी कचेरीत मी गेले. साहेब तरुण होता. वाईट बोलला नाही.

"तिथे तुमचं काय आहे? देऊळ, ओटा, काही खूण?"

"काही नाही."

"मग तुमचं कशावरून?"

आमच्याच शहाणपणानं आमची वाट लागली होती. घरी येईपर्यंत रडत होते.

दिवाळीच्या आधी आईचा पाय गुडघ्याखाली कापला. पाणी मिळतं तर वाचला असता? मला माहीत नाही. तेही त्यांनी कळू दिलं नाही. आई खाटेवरून म्हणाली, "नको गं भांडू. मोठी माणसं ती."

शेटचा निरोप आला. मागच्या बाजूला नळ काढून देतो, पाड्यानं तिथून पाणी न्यावं. अर्धा पाडा खूश. मी एकटीनंच नको म्हटलं. नळाची चावी त्यांच्याच हातात राहणार होती. बायका माझ्यावर चिडल्या. "तुझ्या आईचा पाय गेला, आता आमचं पाणी घालवतेस?" बोलणं झोंबलं. तरी हटले नाही.

भर दुपारी पुढच्या फाटकातून आत गेले. सोबत अंगभर खरूज झालेली शेजारीण, तेवढीच. दोघी कुंडात उतरलो. पाहुणे उठून पळाले. मी व्यवस्थापकांना म्हटलं, "पोलीस बोलवा, कोर्टात न्या. हे पाणी कुठल्याही आजाऱ्याचं, असं कायद्यात येऊ दे. तोवर मी येणार."

पोलीस आले. ओल्या लुगड्यानिशी दोघींना गाडीत चढवलं.

"परत इथे दिसलीस तर बघ," इन्स्पेक्टर म्हणाला.

"दिसणार," मी म्हटलं.