न्यामिझीच्या गालाचा तुकडा

माझी धाकटी बहीण न्यामिझी जन्मतःच पांढरीफटक, कातडीत रंगच नाही. उन्हाने तिच्या गालावर कॅन्सरची जखम झाली. डॉक्टर म्हणाले, "भोवतीची बोटभर चांगली कातडीही काढू. तुकडा म्वान्झा शहरातल्या मोठ्या इस्पितळात तपासायला पाठवू, म्हणजे कडेला रोग उरलाय का ते कळेल."

"काढा की!" न्यामिझी म्हणाली, "पण तुकडा माझ्या हातात द्या."

"अहो बाई, पण..."

"आमचा भाऊही असाच पांढरा होता. अशा हाडांनी नशीब उघडतं म्हणून त्याची कबर उकरून लोकांनी मांत्रिकाला हाडं विकली. माझा गाल वाटेत कोण सोडेल?"

तुकडा तिने स्वतःच्या चुलीत जाळला. कडेला उरलेला रोग वर्षाच्या आत डोळ्यापर्यंत चढला आणि ती गेली.

"एवढ्याशा कबरीला किती सिमेंट?" गवंडी कुरकुरला.

"खड्ड्यापुरतं नको रे मेल्या," मी खेकसले, "चारी बाजूंनी हातभर जास्त ओत!"