खांड्याशी लागलेलं लग्न

‘श्रीमंत राणीसाहेबांचे परदेशी निधन’ अशी बातमी महिन्यापूर्वी पेपरात आली, वर भरजरी शालूतला जुना फोटो. ती राणीसाहेब म्हणजे आमची कुमुद. बहारीनमध्ये जिदहफ्सच्या दोन खोल्यांत ती एकोणीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि बुदैयाच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसली. मी तिथेच नर्स, वसईची फिलोमिना. बातमीत यातलं एक अक्षर नाही. ‘परदेशी दीर्घ वास्तव्य’ म्हणे... जशी काही हवापालटाला आली होती!

लग्नाची गोष्ट तिनेच सांगितली, विळीवर भेंडी चिरता चिरता. तिच्या वडिलांच्या शब्दावर अख्खा तालुका मत टाकायचा आणि जुन्या संस्थानच्या राजांना आमदार व्हायचं होतं. सोयरीक ठरली. मुहूर्ताला नवरदेव प्रचारात! मग त्यांच्या रीतीप्रमाणे खांडा आला, म्हणजे नवऱ्याची तलवार. नवऱ्याच्या जागी पाटावर तलवार, मध्ये अंतरपाट, वर अक्षता, सगळं साग्रसंगीत. “माळ कुठं घातलीस गे?” मी विचारलं. “मुठीला. आणखी कुठं घालणार?” आम्ही हसून हसून बेजार झालो. तेव्हापासून विळीचं नाव ‘राजेसाहेब’ पडलं. “हे निदान भाजी तरी चिरतात,” ती म्हणायची, आणि पुढची भेंडी घ्यायची.

अकरा महिने ती राजवाड्यात राहिली. डोक्यावर पदर, सभेत व्यासपीठावर खुर्ची, गावोगावच्या बायकांना हळदीकुंकू. निकाल लागला, राजे आपटले, आणि हिला सांगितलं, “माहेरपणाला जाऊन या.” न्यायला कोणी आलंच नाही. बापानेही तोंड उघडलं नाही. काडीमोड मागितला तर उत्तर आलं, आमच्या घराण्यात तशी रीत नाही. तलवारीशी लग्न लावायची रीत आहे, बाईला मोकळं करायची नाही. आग लागो त्या रीतीला!

शेवटी नोकरी धरून ती बहारीनला आली. इथे रिसेप्शनवर मात्र तिचा खरा रुबाब. कोकणातले ड्रायव्हर चेष्टेने “राणीसाहेब, मुजरा” म्हणत यायचे. ही मान वर न करता म्हणायची, “मुजरा ऱ्हाऊ दे, आयडी कार्ड काढ. यल्ला, चल लवकर!”

मग पोटात गाठ निघाली. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, “फिलू, मला इथंच अग्नी द्या. तिकडं नेलं तर पुन्हा मिरवतील.” मी म्हटलं, “गप गे, आधी तू मला पोचवशील.” “शब्द दे.” दिला.

आणि तो मीच मोडला. ॲडमिट करताना फॉर्म मी भरला. ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना होता. पासपोर्ट उघडला, नवऱ्याचं नाव दिसलं, सवयीने उतरवून काढलं. आमच्या चर्चमध्ये लागलेलं लग्न मोडत नाही, म्हणून असेल, पण माझा हात एकदाही अडखळला नाही. ती गेल्यावर कागद त्याच नावाकडे गेले. मी राजवाड्यावर फोन केला, तर कोणी सेक्रेटरी बोलला. “राणीसाहेबांचे अंत्यविधी संस्थानच्या इतमामाने होतील.” मी म्हटलं, “तिची इच्छा इथंच...” “आपण कोण?” “मैत्रीण.” “मैत्रिणीची सही चालत नाही, बाई.” खलास.

निवडणूक तोंडावर होती हे नंतर कळलं. मिरवणुकीचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. फुलांचा ट्रक, झेंडे, आणि कॅमेऱ्यासमोर डोळे पुसणारे राजे. लग्नाला तलवार धाडली होती, मढ्याला मात्र जातीने हजर! मेल्याला लाज कशी वाटली नाही?

विळी माझ्याकडे आहे. माझ्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही, तरी रविवारी चर्चहून आले की पाट घेते आणि तिच्यासारखी बारीक भेंडी चिरायला बघते. जमत नाही. परवा दवाखान्याच्या ऑफिसात माझा फॉर्म भरायचा होता. मी एकटी बाई. ‘जवळची व्यक्ती’ या रकान्यात इतकी वर्षं तिचंच नाव लिहीत आले, तसंच परवाही सवयीने लिहून गेले... कुमुद. समोरची मुलगी म्हणाली, “आंटी, शी इज नो मोअर.” मी लिहिलेल्या नावाकडे बघत राहिले. तिच्या फॉर्मवर माझं नाव लिहायला या हाताला काय धाड भरली होती?