चांगलं बोलायची भीती

"गिलाँ-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा पाहून त्यांनी ते नाव पुन्हा सावकाश उच्चारलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा उलटते आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. सुरुवात पायांपासून होते. छातीपर्यंत पोचलं, तर श्वास अडतो.

माझी बायको उषा शेजारच्या खाटेवर सगळं ऐकत होती. सोमवारी पायाला मुंग्या आल्या म्हणून तिने तेल चोळलं होतं. गुरुवारी नल्लकुंटा वस्तीतल्या आमच्या घराच्या पायऱ्या तिला उतरता येईनात.

त्याच संध्याकाळी तिला व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन लावलं. पुढे गळ्याला छेद देऊन नळी बसवली. याला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. तिचं बोलणं थांबलं. पापण्या तेवढ्या हलत. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही.

शहरात नव्याने निघालेलं ते चकचकीत खासगी हॉस्पिटल. अतिदक्षता विभागाबाहेरच्या गारठ्यात आम्ही नातेवाईक दार उघडायची वाट बघत बसायचो. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडत.

आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आम्ही कशालाच चांगलं म्हणत नाही. चांगलं बोललं की दृष्ट लागते, ही आईची शिकवण. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालो, तेव्हा तिने शेजारणीला सांगितलं, "झाला कसाबसा." उषा हसायची. खोदून खोदून विचारून ती माझ्याकडून खरं काढून घ्यायची. आता तिला विचारताच येत नव्हतं.

प्लाझ्माफेरेसिस केलं, म्हणजे रक्तातला पिवळा द्रव काढून त्याजागी दुसरा घातला. मग एका सकाळी तिचा उजवा अंगठा किंचित हलला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, सुधारणा आहे. आत गेलो तर उषाचे डोळे माझ्यावरच होते.

"अजून तसंच आहे. बघू," मी म्हणालो.

बोललो तर अंगठा थांबेल, असं खरोखर वाटलं. एसटीडी बूथवरून नांदेडला तिच्या भावालाही तेच सांगितलं.

मग वीनिंग सुरू झालं. मशीन थोडा थोडा वेळ बंद ठेवून रुग्णाला स्वतः श्वास घ्यायला लावतात. उषा लगेच घाबरायची, ऑक्सिजन उतरायचा, मशीन पुन्हा सुरू करावं लागायचं. मशीनवर जास्त दिवस गेले तर न्यूमोनियाची भीती होती. डॉक्टरांनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि इथल्या दखनी हिंदीत म्हणाले,

"ताकत आ रही उनमें. लेकिन कोशिशच नहीं कर रहे. मैं पूछा, ठीक होते बोलके लगता क्या? दो बार आँख बंद करे. तुम अंदर जाके क्या बोलते जी उनको?"

मी दृष्टीचं सांगितलं.

"नजर मैं नहीं जानता. फेफड़े जानता. उनको सब सुनाई देता."

आत गेलो.

"उषा, तुझा अंगठा हलतोय. बऱ्याच दिवसांपासून. मी सांगितलं नाही."

ती बराच वेळ बघत राहिली. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. त्या रात्री, दृष्ट लागली आणि हॉस्पिटलमधून फोन आला तर, या भीतीने मी घरी फोनजवळ बसून होतो.

तेव्हापासून ठरवलं, आत जाताना एक तरी चांगली गोष्ट न्यायची, आणि ती खरी हवी. पहिल्यांदा काही सुचेना. मग दिसायला लागलं. नळाला जोरात पाणी आलं. मी दही लावलं आणि ते लागलं. तिची तुळस आईने वाळू दिली नाही.

मध्येच तिला ताप चढला. माझ्या तोंडानेच चढला, असं मनात आलं. दाराशी पाय अडले. तरी आत जाऊन म्हणालो, "दुपारपेक्षा कमी आहे." तेवढंच खरं होतं. तिने पापणी एकदा मिटली.

ताप उतरला. मशीनविना एक तास गेला, पुढे एक दुपार, मग एक अख्खी रात्र. एके दिवशी आवाज फुटावा म्हणून नर्सने नळीला बूच लावलं आणि उषा घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"अहो, दही खरंच लागलं होतं?"

"आंबट झालं. पण लागलं होतं."

तुमच्या घरचं कुणी असं पडून असेल, तर ऐकू येतं हे विसरू नका. निम्मं काम त्या डॉक्टरांचं आणि नर्सेसचं. उरलेलं तिचं. मी फक्त आडवा येणं थांबवलं.

उषा आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते. कुणी विचारलं की मी मोठ्याने म्हणतो, "बरी आहे." आई लगेच मीठ-मोहऱ्या आणायला आत जाते. मी अडवत नाही. ती ओवाळते, उषा हसते, आणि मी पुन्हा म्हणतो, बरी आहे.