भावाचा संघ हरावा म्हणून

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम निम्म्यावर आला आहे. बाद फेरीत कोण जाणार, कोणाचं घोडं कुठे अडलंय, हे मला विचारा. मी वाघोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, निवृत्ती जवळ आली आहे, आणि ज्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो त्याला फुटबॉल का म्हणतात हे मला आजही कळलेलं नाही. कळून घ्यायचंही नाही. तरी रोज सकाळी कुकर लावायच्या आधी मी फोनवर त्यांचा तक्ता उघडते. धाकट्या भावाचा संघ खाली घसरला का, एवढंच बघायचं असतं. घसरत नाही मेला.

हे दुखणं माझ्यामागे लागलं ते बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनापायी. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं, चार लोक जेवायला बोलवायचे, एवढाच कार्यक्रम. बाबांनी जन्मात स्वतःचा वाढदिवस करू दिला नाही. पेढा आणला तरी "कोण पास झालं?" असं विचारणारा माणूस. या वेळी मात्र ते म्हणाले, "तो येणार असेल तर करा. नाहीतर नको." तो म्हणजे भाऊ. नोकरीला लागल्यापासून अमेरिकेत आहे, आणि आईच्या वेळीही दहाव्याला पोचला.

मी उन्हाळ्यातच त्याला विचारलं. तो म्हणाला, "जानेवारीत ठेव ताई. आमची टीम यंदा अगदीच भंगार आहे. डिसेंबरातच आमची सुट्टी होईल." आमची! हा खुर्चीत बसून चिप्स खाणार आणि टीम याची. पण मी म्हटलं, असू दे, येतोय ना. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे कार्यालयाच्या व्यवस्थापकानं एकही टोमणा न मारता तारीख दिली. पुण्यात याहून मोठा शुभशकुन नाही. गुरुजी ठरले, आचारी ठरला.

भावानं बाबांना एक टॅब आणि त्याच्या संघाची लोकरी टोपी पाठवली. सामने आपल्याकडे रात्री-अपरात्री होतात, म्हणून बाबा सोमवारी सकाळी चहाबरोबर रेकॉर्डिंग बघायला लागले. टोपी घालून. पहिल्यांदा पाहिल्यावर म्हणाले, "खेळतात कमी, सभाच फार घेतात. आपल्या सोसायटीसारखं." पण बघणं सोडलं नाही. मुलगा जे बघतो ते आपणही बघतोय, यातच त्यांना सगळं मिळत होतं. फोनवर पूर्वी दोघांचं "बरा आहेस ना?" "बरा आहे" यापलीकडे जात नसे. आता अर्धा अर्धा तास बोलायचे.

आणि तो भंगार संघ जिंकायला लागला.

तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात भावाचा मला फोन आला. "ताई, जरा सिच्युएशन झालीय."

"बरं नाहीये का कुणाला?"

"नाही गं. आम्ही डिव्हिजनमध्ये पहिले आहोत. असंच राहिलं तर प्लेऑफचा पहिला सामना आमच्याच स्टेडियमवर होईल, आणि तो नेमका आपल्या कार्यक्रमाच्या वीकेंडला येतोय. इतक्या वर्षांनी चान्स आलाय. तारीख फेब्रुवारीत नाही का ढकलता येणार?"

"फेब्रुवारीत अंतिम सामना असतो ना तुमचा?"

तो खरोखर विचार करून म्हणाला, "हां, ते बघावं लागेल." वर सांगितलं, बाबांना इतक्यात काही बोलू नकोस. मी फोन ठेवला आणि ओट्यावरचं फडकं असं आपटलं की शेजारीण डोकावली.

तेव्हापासून मी अभ्यासाला बसले आहे. स्पर्धेच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला सोळा संघ. त्यातल्या चार गटांतले, म्हणजे भावाच्या डिव्हिजनांतले, चार पहिले थेट आत जातात आणि घरच्या मैदानावर खेळतात. उरलेल्यांतले तीन वाइल्डकार्डवर, म्हणजे आरक्षण नसताना डब्यात चढल्यासारखे, आणि त्यांनी दुसऱ्याच्या गावी जाऊन खेळायचं. मला वाटलं, वा, भावाचा संघ दुसरा यावा. संघही आत, भाऊही इथे. तसं त्याला सुचवलं तर म्हणाला, "अगं, अवे गेम असला तर आम्ही सगळे मित्र गाडीनं जाणार आहोत." म्हणजे जिंकले तरी नाही, कसेबसे आत शिरले तरी नाही. सपशेल हरले तरच वडील.

गटात आणखी एक संघ आहे, जय-पराजयात अगदी बरोबरीचा. पण आपसातला पहिला सामना भावाच्या संघानं जिंकलाय, म्हणून तो वर. दुसरा सामना डिसेंबरात आहे आणि माझी सगळी भिस्त त्यावर. परवा स्टाफरूममध्ये वाचलं की त्या दुसऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, गुडघा दुखावलाय. मी डबा न खाता बसून राहिले. कुठल्या कोण दांडगटाचा गुडघा, आणि त्याच्यासाठी मी मनात गणपतीला दूर्वा बोलले. कसला संताप येतो स्वतःचा आणि भावाचा!

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी भावाचा संघ पुन्हा जिंकला होता. मला तक्त्यावरून आधीच कळलं होतं, बाबांना नव्हतं. ते टोपी घालून रेकॉर्डिंग बघत होते, मी स्वयंपाकघरात भांडी आदळत होते. अगदी शेवटच्या किकवर सामना फिरला. बाबांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या आणि मला हाक मारली, "अगं ये, बघ! तिकडे उड्या मारल्या असतील त्यानं!"

माझा तोल गेला. "मारल्याच असतील. हे असेच जिंकत राहिले ना बाबा, तर तो जानेवारीत येणार नाहीये." आणि मग सगळं सांगून टाकलं. सामना, स्टेडियम, फेब्रुवारी, मित्रांची गाडी.

बाबांनी टॅब थांबवला. "म्हणजे हरले तर येईल?"

"हो."

"त्याला वाईट वाटेल पण."

"वाटू दे."

ते पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बघत म्हणाले, "मग आता मी कुणाच्या बाजूनं बघायचं?"

बाबांचा टोमणा मी झोपेतही ओळखते. हा टोमणा नव्हता. ते मला खरंच विचारत होते.

कॉलेजला जाताना येरवड्यापर्यंत कशीबशी आले, मग स्कूटर कडेला घेऊन भावाला फोन लावला. त्याचा रविवार अजून संपायचा होता, आवाजात विजय होता. मी काय झालं ते सांगितलं, तर माझ्यावरच उखडला. "तू सांगितलंस कशाला? निम्मा सीझन बाकी आहे, अजून काहीच ठरलेलं नाही!"

"ठरलेलं नाही हेच सांगितलं," मी ओरडले. बसथांब्यावरची माणसं वळून बघत होती, बघू देत. "वडिलांकडे जायचं की नाही हे तू ठरवत नाहीयेस. ते तू मैदानावरच्या परक्या पोरांवर सोपवलंयस. आणि ते माझ्या तोंडून त्यांना ऐकायला लागलं."

"ताई, तू ओव्हररिॲक्ट करतेयस. बाबांना गेम आवडतो. त्यांना कळेल."

मी फोन कापला.

पुढच्या सोमवारी बाबांनी टॅब लावला. सामना बघायचा नाही असं काही ते म्हणाले नाहीत. मी चहा दिला आणि मुद्दामच तिथे बसले. भावाच्या संघानं टचडाउन केला तसे बाबांचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात हळूच मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं दुसऱ्या संघानं गुण मिळवले, तेव्हाही ते हात तिथेच होते. भाऊ जानेवारीत आला काय आणि न आला काय, हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.